फ्लोरिसचे ओठ

"आधी दार लाव," आलेटाबाई म्हणाल्या. "वारा आला तर उडून जाईल तो."

हिल्लेगोंडने दाराची वरची झडप ओढून घेतली आणि कडी घातली. बाहेर बिअरच्या पिंपांच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचा खडखडाट जरा दूर गेला. आलेटाबाईंनी हातमोजे काढले नाहीत. अंगरख्याच्या आतून त्यांनी एक लाकडी डबी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी कागदाची एक घडी ठेवली, वैद्याने दिलेल्या पुडीसारखी.

"मास्तर कुठायत?"

"आत आहेत, बाईसाहेब. निजून आहेत."

"मग उठव ना. मी थांबते."

हिल्लेगोंडचे वडील, एव्हर्ट मास्तर, आता उठायचे नाहीत हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण फान होरिंकांसारख्या मोठ्या घरांपर्यंत गल्लीची बातमी पोचायला वेळ लागतो. आलेटाबाईंची भट्टी अर्ध्या हार्लेमला बिअर पाजत होती. नवरा गेल्यापासून त्या स्वतःच ती चालवत, आणि वाट पाहायची सवय त्यांना नव्हती.

त्यांनीच डबी उघडली.

आत निळ्या मखमलीवर तळहाताएवढा तांब्याचा पत्रा होता. पत्र्यावर चार वर्षांचा एक मुलगा उभा होता. मुलगे सहा वर्षांचे होईतो झगाच घालतात, तसा त्याने डाळिंबी झगा घातला होता. गळ्याभोवती कडक खळीची जाळीदार पट्टी, खांद्यावरून तिरकी गेलेली सोन्याची साखळी, हातात चांदीच्या घुंगरांचा पोवळ्याचा खुळखुळा. साखळीची कडी न् कडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. कपाळ, डोळे, नाक शाबूत होते. नाकाखाली मात्र मुलगा नव्हता. तिथून हनुवटीपर्यंत आणि डाव्या गालाच्या अर्ध्यापर्यंत नुसते लालसर, चकचकीत तांबे होते.

हिल्लेगोंडने पत्रा ओळखला. आईने मूल ओळखावे तसा नव्हे. चोराने पूर्वी फोडलेले घर ओळखावे तसा.

"मागच्या हिवाळ्यात हनुवटीपासून सुरू झालं," आलेटाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भट्टीवर हुकूम सोडण्याचाच होता, फक्त जरा हळू. "आधी वाटलं धूळ आहे. बोटानं पुसायला गेले तर रंग बोटालाच आला. मग मोलकरणीचं त्या खोलीत झाडणं बंद केलं. चष्मा लावून मी स्वतः फरशीवरून टिपलेत सगळे. एक कण सांडू दिलेला नाही." त्यांनी पुडीवर बोट ठेवले. "मास्तर म्हणाले होते, लाकूड फुगतं, कापड सैल पडतं, तांबं तेवढं नातवंडांनाही पुरेल. पंचवीस वर्षंही झाली नसतील."

"बावीस, बाईसाहेब. स्पार्ने नदी पार गोठली होती तो हिवाळा."

"तुझी आठवण चांगली आहे."

चांगली होती खरी. त्याच वर्षी शरदात शहरात प्लेग आला. फ्लोरिस फान होरिंक दोन दिवसांत गेला आणि तिसऱ्या दिवशी घाईघाईने पुरला गेला. मेलेल्या मुलाचे शेवटचे चित्र काढून घ्यायची रीत होती, पण तेव्हा त्या घराचा उंबरा ओलांडायला एकही चित्रकार तयार झाला नाही. आलेटाबाईंना पुढे दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, आम्स्टरडामला नांदायला गेल्या. मुलगा हा एकच होता, आणि त्याचे जे काही उरले ते या पत्र्यावर.

या घरात पत्र्याचे काम हिल्लेगोंडकडे तिच्या नवव्या वर्षापासून होते. आई गेली तेव्हापासून. तांब्याचा पत्रा गुळगुळीत येतो, आणि गुळगुळीत तांब्याला रंग धरत नाही. म्हणून तो आधी खरखरीत दगडाच्या पुडीने घासायचा, पुसायचा, मग लसणाची पाकळी कापून ती त्यावर चोळायची. एकदा नाही, तीनदा. पत्रा चिकट लागू लागला की तो बापाच्या हातात द्यायचा. बाप त्यावर तेलात कालवलेला सफेदा लावायचा, तळव्याने थोपटून थोपटून. मग त्यावर चित्र. एव्हर्ट मास्तर काही फार मोठे चित्रकार नव्हते. देवळातली, नगरसभेतली मोठमोठी चित्रे दुसऱ्यांकडे जात. यांच्याकडे यायची ती श्रीमंतांची पोरे, तळहाताच्या मापाची. पण पोरांशी त्यांचे जमायचे, आणि आपल्या एकाही पत्र्याचा टवका उडालेला नाही हे ते बिअरच्या दुसऱ्या पेल्यानंतर न चुकता सांगायचे.

त्या हिवाळ्यात हिल्लेगोंड एकोणीस वर्षांची होती. दोर वळणाऱ्याचा मुलगा लुबर्ट तिला म्हणाला होता, दुपारी बर्फावर घसरायला येशील का. तो हात धरणार, हे तिला ठाऊक होते. बर्फावर सगळेच हात धरतात. लसणाचा वास चार दिवस बोटांतून जात नाही. तिने राख लावून पाहिली होती, व्हिनेगर लावून पाहिले होते. त्या सकाळी तिने फान होरिंकांचा पत्रा घासला, पुसला, आणि लसूण न चोळताच बापाच्या टेबलावर नेऊन ठेवला. एकदा नाही चोळला तर काय होते, असे तिला वाटले.

लुबर्टने हात धरला. दोन हिवाळे धरला. तिसऱ्या हिवाळ्यात त्याने आल्कमारच्या एका चीजवालीशी लग्न केले.

"मला मास्तरांशीच बोलायचंय," आलेटाबाई म्हणाल्या आणि डबी उचलून आतल्या खोलीकडे चालू लागल्या.

आतल्या खोलीत भिंतीतल्या कपाटवजा पलंगाची दारे उघडी होती. एव्हर्ट मास्तर तीन उशांना टेकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा पसरला होता, आणि श्वास दूरच्या भात्यासारखा वाजत होता.

"हिल्ले, कोण आलंय गं? रेशीम वाजतंय. आपल्या गल्लीत रेशीम घालून कोण फिरायला लागलं?"

"मी आलेटा फान होरिंक, मास्तर."

"अरे वा! मग बिअर आणली असेलच."

"नाही आणली."

"बघा. म्हणून श्रीमंतांच्या घरचं बोलावणं मला कधी आवडलं नाही. सगळं असतं, पण बरोबर कोणी काही आणत नाही." ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. हिल्लेगोंडने पाठीशी हात घातला. खोकला ओसरल्यावर त्यांनी हात पुढे केला. "पत्रा आहे ना? डबीची कडी वाजली. द्या इकडे."

हिल्लेगोंडने हात मध्ये घातला. "बाबा, राहू द्या. मी बघते ते."

"द्या म्हटलं ना."

आलेटाबाईंनी पत्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. एव्हर्ट मास्तरांनी अंगठा वरून खाली फिरवला. झग्यावरून, साखळीवरून, गळपट्टीवरून. हनुवटीपाशी अंगठा थांबला. मग परत गेला, परत आला. खोलीत फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"भुगा होऊन पडला, की पापुद्रे?"

"पापुद्रे. कांद्याच्या सालीसारखे."

"हं. रंग नाही सुटला. खालचा सफेदाच सुटलाय, थेट तांब्यापासून." अंगठा अजून त्या उघड्या तांब्यावर होता. "चूक माझी आहे, बाईसाहेब. पत्रा नीट तयार झाला नव्हता. घाई केली मी त्या दिवशी."

हिल्लेगोंड पलंगाच्या दाराला धरून उभी होती.

"चूक कोणाची ते मला नकोय," आलेटाबाई म्हणाल्या. "मला तोंड हवंय."

"कसं होतं तोंड?"

"हसरं करा."

"करा नव्हे, बाईसाहेब. होतं कसं?"

"मुलं हसतातच, मास्तर."

"चाळीस वर्षं पोरांची तोंडं काढली मी. हसणारं पोर एका जागी उभं राहत नाही, आणि एका जागी उभं राहिलेलं पोर हसत नाही. तुमचा फार छान उभा राहिला होता, एवढं मला आठवतंय."

आलेटाबाईंनी पायाने स्टूल ओढले आणि त्यावर बसल्या. रेशमाचा आवाज झाला आणि थांबला.

"तुमची पाठ होती तेव्हा," त्या म्हणाल्या. "तुम्ही रंग कालवत होतात. ही होती." त्यांनी हिल्लेगोंडकडे पाहिले नाही. "गळपट्टी टोचत होती त्याला. तीनदा खुळखुळा फेकला त्यानं. तिसऱ्यांदा फेकला तेव्हा घुंगरू चेपलं. मी त्याला थोबाडीत मारली. मग तो उभा राहिला. छान उभा राहिला."

त्यांनी मांडीवरचे रेशीम सारखे केले.

"रोज सकाळी प्रार्थना करून डोळे उघडते, की समोर तो. ओठ असे मिटून. बावीस वर्षं. आता ओठ गेले. मला वाटलं, देवानंच पुसले. म्हणाला असेल, बास झालं या बाईला." त्यांनी नाक शिंकरले, कोरडेच. "म्हणून म्हणते, हसरं करा."

एव्हर्ट मास्तरांनी पत्रा पोटाशी धरला होता. "मला आता दिसत नाही, बाईसाहेब. हे काम हिल्ले करेल. चित्रकारांच्या संघाच्या वहीत नाव माझं आहे, पण सहा वर्षं या घरातून जी पोरं बाहेर पडलीत ती सगळी हिच्या हातची." एवढे बोलून ते दमले. हे त्यांनी परक्या माणसापुढे कधी उच्चारले नव्हते. हिल्लेगोंडने खाली पाहिले.

"ठाऊक आहे," आलेटाबाई म्हणाल्या. "थोरलीच्या मुलीचं चित्र आलं तेव्हाच ओळखलं. तुमच्या पोरांचे हात म्हणजे गाजरांच्या जुड्या असायच्या, मास्तर. तिचे हात हातांसारखे होते."

"ऐकलंस, हिल्ले? मरायच्या आधी हे ऐकायचं राहिलं होतं." या वेळी खोकला लवकर थांबला नाही.

आलेटाबाई उठल्या. दाराशी येईपर्यंत त्या पुन्हा भट्टीच्या मालकीण झाल्या होत्या. "शनिवारी येईन," त्यांनी सांगितले आणि कडी स्वतःच काढली.

हिल्लेगोंड आत आली तेव्हा बापाने डोळे मिटले होते. तिने शेगडीत पीटच्या जळणाचा तुकडा सरकवला, पायापाशीची शेकायची डबी निखाऱ्यांनी भरली, पांघरूण सारखे केले. करायला आणखी काही उरले नाही.

"हिल्ले."

"काय, बाबा."

"लसूण नव्हता लावलेला."

ती पलंगाच्या काठावर बसली.

"सफेदा थोपटताना पत्रा नाकाशी येतो," एव्हर्ट मास्तर सावकाश बोलत होते, चार शब्दांमागे एक श्वास. "तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून तो वास. बाजारात पोरी तुला लसणी म्हणायच्या. मला वाटायचं, मला ठाऊक नाही असं तुला वाटत असेल. त्या दिवशी पत्र्याला वास नव्हता. खुंटीखाली तुझे बर्फावरचे जोडे काढून ठेवले होते, धार लावून."

"मग ओरडायचं होतंत. परत घासायला लावायचा."

"लावला असता. पण परत घासायचा, तीन हात द्यायचे, म्हणजे दुपार गेली असती. तू गेली नसतीस."

"गेले म्हणून तरी काय झालं मोठं?"

"ते मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?" एव्हर्ट मास्तर म्हणाले. "म्हटलं, जाऊ दे. एका पत्र्यानं काय होतंय. आणि सफेदा लावला मी. कळून सवरून लावला. म्हणून म्हणालो, चूक माझी. खोटं नव्हतं ते."

हिल्लेगोंडने त्यांचा हात हातात घेतला. बोटांच्या पेरांत रंग इतका खोल गेला होता की आता तो कातडीचाच झाला होता. तिला काहीतरी बोलायचे होते. पण या घरात असले काही बोलायची सवय कोणालाच नव्हती, म्हणून तिने विचारले, "पेज घेता का थोडी?"

"ताकातली?"

"ताकातली."

"मग घेतो."

बुधवारी सकाळी उजेड चांगला होता. हिल्लेगोंडने पुडी उघडली. श्वास लागून काही उडू नये म्हणून नाकातोंडावर फडके बांधले. माशाच्या पोटातल्या फुग्याचा सरस कोमट करून घेतला, भिंग लावले आणि ओल्या केसाळ कुंचल्याच्या टोकाने एकेक पापुद्रा उचलू लागली. गालाचे तुकडे गालाला मिळत गेले. हनुवटीचे काही मिळाले, काही कधीच मिळणार नव्हते. आलेटाबाईंच्या नजरेतूनही काही सुटले होते, फरशीच्या फटींत गेले होते, मोलकरणीच्या झाडूने गेले होते. ओठांच्या जागी लावायला काही सापडेना. तिला आत कुठेतरी हायसे वाटले. ओठ नसले म्हणजे नवे काढायचे, आणि नवेच काढायचे तर हसरे काढायला काय हरकत होती?

हसू म्हणजे तरी काय? ओठांमधली गडद रेघ, तिचे टोक केसभर वर. एवढेच. सहा वर्षांत तिने किती तोंडांची टोके वर केली असतील. पोरे रडून रडून लाल झालेली असायची आणि आया म्हणायच्या, जरा हसरा दाखव हं. तिने दाखवला होता. सगळेच दाखवतात.

दुपारी पुडीच्या घडीत अडकलेला एक तुकडा निघाला. डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढा. भिंगाखाली धरला तेव्हा त्यावर थोडा गुलाबी रंग होता, आणि त्यातून गेलेली एक गडद रेघ. डावा कोपरा. रेघ टोकाशी खाली वळली होती, आणि जिथे वळली होती तिथे बापाने कुंचल्याचे टोक किंचित दाबले होते. ते दाबणे तिने हजार वेळा पाहिले होते.

तो तुकडा तिच्या कुंचल्याच्या टोकावर होता. नुसती फुंकर घातली असती तरी काम झाले असते. आलेटाबाईंना कळले नसते. कोणालाच कळले नसते.

ती तशीच उठून आत गेली.

"बाबा, कोपरा मिळालाय. ओठाचा."

एव्हर्ट मास्तरांना ऐकू यायला वेळ लागला. सकाळपासून त्यांनी पेजही घेतली नव्हती. "वर की खाली?"

"खाली."

"हं." मग ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं गं, त्याला मार बसलाय ते. वळून पाहिलं तर पोर उभं. मला वाटलं, काय विचारी मूल आहे. तसंच काढलं मी. विचारी." त्यांच्या गालावरून पाणी ओघळले. पण मोतीबिंदूच्या डोळ्यांतून ते हल्ली येतच असे.

"मी काय करू?"

"तू तिथं होतीस. मी नव्हतो."

"तुम्हीच तर काढलंत."

"काढणं निराळं, हिल्ले." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "मला विचारू नकोस आता. दमलोय."

तिने तुकडा लावला. तो जागी बसला तेव्हा ओठाचा उरलेला भाग कसा जाणार हे आपोआपच ठरले. गुरुवारी तिने मोकळ्या तांब्यावर लसूण चोळला, तीनदा, कुंचल्याच्या दांड्याला कापूस गुंडाळून, कडेच्या रंगाला धक्का न लावता. सफेदा दिला. शुक्रवारी सकाळी, सफेदा पुरता सुकायची वाट न पाहता, ती गुलाबी रंग कालवायला बसली. शनिवार जवळ आला होता, पण घाई शनिवारची नव्हती. आतला श्वास बदलला होता. दोन्ही खोल्यांमधले दार तिने उघडे ठेवले होते. ती एक रेघ काढायची आणि ऐकायची, एक रेघ काढायची आणि ऐकायची. शेवटची रेघ काढून तिने कुंचला खाली ठेवला तेव्हा ऐकण्यासारखे काही नव्हते.

शेजारची बार्तेमावशी आणखी दोघींना घेऊन आली. या गल्लीत जन्म आणि मरण शेजारणींनीच करायचे असते. त्यांनी पाणी तापवले, मास्तरांना धुतले, स्वच्छ सदरा घातला, हनुवटीला पट्टी बांधली. मग बार्तेमावशी खोल्याखोल्यांतून फिरली आणि रीतीप्रमाणे आरसा भिंतीकडे फिरवला, चित्रे भिंतीकडे फिरवली. चित्रकाराच्या घरात ते काम सरता सरेना. "बाई गं, किती पोरं ही!" ती पुटपुटत होती आणि एकेका मुलाला पाठमोरे करत होती. शेवटी ती रंगवायच्या चौकटीवरच्या पत्र्यापाशी आली.

"तो राहू दे, मावशी," हिल्लेगोंड म्हणाली. "ओला आहे."

"ओला असो नाहीतर वाळका. मेलेल्याच्या घरात चित्राचं तोंड खोलीकडे ठेवत नाहीत."

"भिंतीला लागेल."

"मग झाकते."

"फडक्याचे तंतू चिकटतील."

"अगं पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

बार्तेमावशीने तिच्याकडे पाहिले. लसणी नावाने हिला सगळ्या बाजारभर हाका मारल्या जात होत्या तेव्हापासून ती हिला ओळखत होती, आणि या आवाजात हिला बोलताना तिने कधी ऐकले नव्हते. "बापावर गेली आहेस," ती म्हणाली आणि पाण्याची घमेली उचलून बाहेर गेली.

शनिवारी मरण झालेल्या घराच्या रीतीने दाराशी आणि रस्त्यावर पेंढा टाकला होता, खिडक्या बंद होत्या. आलेटाबाई उंबऱ्यावरच थांबल्या. मग आत आल्या. पुढच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर शवपेटी होती, तिच्याभोवती खुर्च्या मांडल्या होत्या आणि शेजारणी हलक्या आवाजात बोलत होत्या: कोण येणार, कोण येणार नाही, पेटीला खांदा कोण देणार. रेशमाचा आवाज आला तशा त्या गप्प झाल्या आणि एकेक करून आत गेल्या.

"मला कोणी कळवलं नाही," आलेटाबाई म्हणाल्या. "मी नंतर आले असते."

"तुमचं काम झालंय, बाईसाहेब."

आलेटाबाईंनी वळून पाहिले. सगळ्या भिंतींवर नुसत्या पाठी होत्या, लाकडाच्या, तांब्याच्या. त्यांत एकच तोंड खोलीकडे होते. त्या जवळ गेल्या, मेणबत्ती उचलून आणखी जवळ गेल्या. हिल्लेगोंड मागे उभी राहिली.

"मी हसरं सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"एक तुकडा सापडला, पुडीच्या घडीत. कोपऱ्याचा. तो बाबांच्या हातचा होता. तो लावल्यावर बाकीचं दुसरं होईना." हिल्लेगोंड एक पाऊल पुढे आली. "पण ओलं आहे अजून. ओली रेघ पुसून, तुकडा झाकून टोकं केसभर वर नेली की झालं. सांगाल तर आत्ता करून देते."

आलेटाबाई चित्राकडेच पाहत होत्या.

"आणखी एक आहे. चूक बाबांची नव्हती. पत्रा मी तयार केला होता. तुमच्या पत्र्याला मी लसूण चोळला नाही, म्हणून रंग सुटला."

"का नाही चोळलास?"

"बर्फावर जायचं होतं. कोणीतरी हात धरणार होतं."

आलेटाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिले, पहिल्यांदाच नीट. पांढरी होत चाललेली केसांची बट, बोटांतला रंग, काळा झगा.

"किती वर्षांची होतीस?"

"एकोणीस."

"मी सव्वीस होते," आलेटाबाई म्हणाल्या.

बाहेरून एक गाडी गेली. पेंढ्यामुळे चाकांचा आवाज दबलेला आला.

"तो रडला नाही," हिल्लेगोंड म्हणाली. "तुम्ही मारलंत तेव्हा मी त्याला घ्यायला पुढे झाले, तर त्यानं मला ढकललं. खुळखुळा स्वतः उचलला. आणि उभा राहिला, ओठ मिटून. बाबांकडे पाहायचं सोडून तो सगळा वेळ बाजूला पाहत होता. बाबांनी डोळे तसेच काढले; म्हणायचे, खिडकीत पाखरू असेल. पाखरू नव्हतं, बाईसाहेब. तिथं तुम्ही उभ्या होतात. आता बरोबर उभा आहे ना, असं पाहत होता तो."

आलेटाबाईंनी मेणबत्ती जागेवर ठेवली. "सुकायला किती दिवस लागतील?"

"दहा-बारा. थंडी आहे."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी शवपेटीजवळची एक खुर्ची घेतली आणि चित्रासमोर ठेवली. बसल्या, उठल्या. खुर्ची डावीकडे सरकवली, मग आणखी थोडी, पाय फरशीवर घासत. मुलाची नजर जिथे पोचत होती तिथे ती आली तेव्हा त्या पुन्हा बसल्या. हातमोजे काढून मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली. आणि मग त्या हलल्या नाहीत.